हिवाळ्यात गाडीच्या काचेवर आतून वाफ धरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापसाचा दुसरा वेचा सुरू झाला, तुरीवर धुवारी, म्हणजे धुकं, पडू लागली की आमच्या आळीत एक दृश्य रोजचंच. पहाटे कोणी तरी गाडी काढतो, शंभर पावलं जातो आणि थांबून दुपट्ट्याने काच पुसायला लागतो. पुसतो, पुन्हा बसतो, पुन्हा थांबतो. मी यवतमाळ जिल्ह्यात राहतो, गाडी जुनी आहे, आणि पंधरा वर्षं मीही हेच केलं. आता येणारे-जाणारे मलाच विचारतात, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवले.

विदर्भात थंडी ती किती, भाऊ? इथे काहून वाफ धरते?

उन्हाळ्यामुळे आपली ओळख तापलेला मुलूख अशी झाली आहे, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. चिखलदरा, मेळघाट, गोंदियाकडे तर दर हिवाळ्यात हुडहुडी भरते. शिवाय वाफ धरायला कडाक्याची थंडीच लागते असं नाही. काच आतल्या हवेपेक्षा पुरेशी गार असली की काम झालं. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी २८ अंश आणि पहाटे १०, हा फरकच पुरे. त्यात काच आभाळाकडे तोंड करून असते. निरभ्र रात्री ती भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते, म्हणून अंगणातल्या गाडीच्या काचेवर दव दिसतं आणि शेजारच्या टिनाखालची गाडी कोरडी असते.

पण ते पाणी येतं कुठून? काचा तर सगळ्या बंद होत्या.

काचा बंद होत्या, म्हणूनच. ते पाणी आपलंच असतं. बसलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आता हिशेब करा. लहान गाडीच्या पोटात जेमतेम ३ घनमीटर हवा मावते. १० अंशांची हवा एका घनमीटरात ९ ग्रॅमच्या वर फारशी वाफ धरू शकत नाही. म्हणजे सगळ्या गाडीत मिळून २७-२८ ग्रॅम, दोन मोठे चमचेसुद्धा नाही. पहाटेच्या हवेत त्यातली बरीच जागा आधीच भरलेली असते. पाच माणसं बसली तर उरलेली जागा भरायला काही मिनिटं लागतात. त्यानंतर प्रत्येक श्वास काचेवर जाऊन बसतो. आता लग्नाची बोलेरो आठवा, नऊ-दहा जण कोंबलेले, त्यात दोघं झोपलेले, एक गाणं म्हणणारा. तासाभरात दीड-दोन ग्लास पाणी हवेत.

माणसांशिवाय आणखी काय काय? ओलीत करून आलेल्याचे चिखलाचे बूट. रात्रपाळीची वीज असते तेव्हा गव्हाला पाणी देऊन माणूस पहाटे तसाच गाडीत बसतो. डिकीतली मेथी-पालकाची जुडी. संत्र्याचे क्रेट, कारण तोडलेलं फळही श्वास घेतं आणि पाणी सोडतं. दुधाच्या कॅनच्या बुडाला लागलेलं पाणी. आणि सगळ्यात लबाड म्हणजे मॅटखालचा फोम. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि हिवाळाभर थोडं थोडं परत देतो. वरून मॅट कोरडी दिसते. रात्री मॅटखाली वर्तमानपत्र घालून ठेवा, सकाळी ते मऊ पडलेलं निघालं तर चोर सापडला.

काच पटकन साफ करायची तर कोणती बटणं दाबायची?

गाडी सुरू करा. ब्लोअरची हवा समोरच्या काचेकडे वळवा. चित्र असतं ते पंख्यासारख्या आकाराचं, खालून वर जाणाऱ्या वळणदार रेषांचं. नुसती चौकोनी काच दिसते ते बटण मागच्या काचेचं. तापमानाचा खटका लाल बाजूला पूर्ण. एसी चालू. हवेचं बटण बाहेरच्या हवेवर, म्हणजे गाडीच्या चित्रात बाण बाहेरून आत येतो ते. बाण गोल फिरतो ते बटण बंद. ब्लोअर सुरुवातीला मोठा, काच निवळली की कमी.

पहिले पाच-सात मिनिटं इंजिन थंड असतं आणि हीटर गार हवाच फेकतो, डिझेल गाडीत तर जास्तच वेळ. कारण हीटरची ऊब इंजिनच्या गरम पाण्याची असते. तेवढ्या वेळात समोरच्या दोन्ही काचा बोटभर खाली करा. कान गारठतील, पण काच निवळेल.

थंडीत एसी? याड लागलं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवला गेला आहे, बहुधा याच शब्दांत. आमचे काकाजी तर म्हणाले, ‘गाडी गारठवतं का बाप्पा?’

एसी म्हणजे फक्त गारवा हा समज उन्हाळ्याने करून दिला. एसीचं दुसरं काम हवा कोरडी करणं. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार पत्र्याची पेटी असते, गॅरेजवाले तिला कूलिंग कॉइल म्हणतात. ती शून्याच्या थोडी वर असते. ओली हवा तिच्यावरून जाते तेव्हा पाणी तिथेच गळून नळीने गाडीखाली टपकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली थेंब थेंब पाण्याचं डबकं दिसतं ना, तेच. कोरडी झालेली हवा पुढे हीटरवरून जाऊन गरम होते आणि काचेवर येते. म्हणजे एसी आणि हीटर एकाच वेळी चालू ठेवणं हा वेडेपणा नाही. एक पाणी काढतो, दुसरा ऊब देतो. नव्या बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेचं बटण दाबलं की एसी आपोआप लागतो, लोक तो मुद्दाम बंद करतात आणि मग काच पुन्हा धूसर झालेली बघतात.

डिझेल-पेट्रोल थोडं जास्त जातं, हे खरं. पण हे काम दहा मिनिटांचं असतं.

एक गोष्ट जपून. एसी चालू असताना ती कॉइल ओलीचिंब असते. मधेच एसी बंद केला आणि हवा आतल्या आत फिरवत ठेवली, तर तेच पाणी परत हवेत येतं आणि चालत्या गाडीत एका दमात सगळी काच पांढरी होते. एसी बंद करायचा तर हवा बाहेरची घ्या.

बाहेर धुवारी आहे, हवेत पाणीच पाणी. तीच हवा आत घेतली तर वाफ वाढणार नाही का?

वाटतं तसंच, पण होतं उलटं. ८ अंशांची धुक्यातली हवा पूर्ण भरलेली असते, तरी तिच्या एका घनमीटरात वाफ असते ८ ग्रॅमच्या आसपास. ती हीटरवरून गेली, २५ अंशांची झाली, तर आता तिच्यात २३ ग्रॅम मावतात. ८ भरलेले, १५ रिकामे. तहानलेली हवा झाली की ती. ती काचेवरचं पाणी पिते आणि मागच्या झडपांतून बाहेर निघून जाते. आतली हवा मात्र पाच जणांच्या श्वासाने तुडुंब झालेली असते, ती कितीही फिरवली तरी तीच. म्हणून धुक्यात गोल बाणाचं बटण बंद. पुढे धूळ उडवणारा ट्रक असेल किंवा कोणी पऱ्हाट्या जाळल्या असतील तर दोन मिनिटं लावा, मग आठवणीने काढा.

ते आठवणीने काढा का म्हणतो, ते सांगतो. जानेवारीत पहाटे चार वाजता चुलतभावाला नागपूरला रेल्वेवर सोडायला निघालो होतो. गाडीत पाच जण, मागे लहान लेकरू, म्हणून काचा घट्ट लावलेल्या. कळंबपर्यंत रस्त्याची धूळ नको म्हणून गोल बाणाचं बटण लावलं ते तसंच राहिलं. देवळीकडे जाताना वर्धा नदीचा पूल यायच्या आधी नदीची धुवारी सुरू झाली. मी डाव्या हाताने दुपट्टा फिरवत होतो. समोरून ट्रक आला आणि त्याचे दोन दिवे काचेवरच्या थेंबांत दोनशे झाले. रस्ता कुठे, कडा कुठे, काही कळेना. ब्रेक मारला तेव्हा डावी चाकं मुरमावर होती आणि बाभळीची फांदी आरशाला टेकली होती. कोणाला काही झालं नाही, लेकरू उठलंही नाही. वहिनीने मागून विचारलं, ‘आलं का स्टेशन?’ बटण त्या दिवशी दिसलं, त्यावरचा लहानसा पिवळा दिवा जळत होता.

हाताने पुसलं तर काय बिघडतं?

तळहाताचं तेल काचेवर लागतं. त्या वेळी निवळल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी वाफ नेमकी त्या बोटांच्या रेघांवर वेगळी धरते आणि समोरून दिवे आले की रेघा चमकतात. दुपट्टाही नको, त्याला धूळ असते. दाराच्या कप्प्यात एक धुतलेलं सुती फडकं किंवा मायक्रोफायबरचा तुकडा ठेवा. तोही ओला झाला की उन्हात टाका, नाही तर तेच पाणी गाडीत मुक्कामाला. आणि पुसायचं ते गाडी उभी करून.

माझी काच शेजाऱ्याच्या काचेपेक्षा लवकर धूसर होते. गाडी तर एकाच कंपनीची.

त्याची काच स्वच्छ असेल. काचेच्या आतल्या बाजूने एक तेलकट थर चढत असतो, उन्हाळ्यात ४५ अंशांत तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकचा, पॉलिशचा, विडी-सिगारेटच्या धुराचा. आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे रोज लावलेल्या अगरबत्तीचा. देवाला नमस्कार करा, अगरबत्ती घरी लावा. या थरावर थेंब सुटे सुटे बसतात आणि काच दुधासारखी दिसते.

महिन्यातून एकदा आतली काच नीट धुवायची. आधी ओलं फडकं, मग काचेचा क्लीनर, मग कोरडं फडकं. खालचा कोपरा, जिथे डॅशबोर्ड काचेला भिडतो आणि हात पोचत नाही, तिथेच थर सर्वांत जाड असतो. फडकं पट्टीला गुंडाळून पोचवा. काचेवर फिल्म असेल तर अमोनियाचा क्लीनर वापरू नका, फिल्म खराब होते.

शॅम्पू, दाढीचा फोम, बटाटा… यातलं खरं काय?

शॅम्पू आणि फोम खरे. साबणाच्या जातीचा पातळ थर असला की पाण्याचे थेंब होत नाहीत, ते सपाट पसरतं आणि आरपार दिसतं. चिमूटभर फोम काचेवर आतून लावायचा, कोरड्या फडक्याने काच पूर्ण निवळेपर्यंत घासायचा. चार-सहा दिवस टिकतो. जास्त लावला तर रात्री दिव्यांना वलय दिसतं. बटाट्याने मी करून पाहिलं. काच चिकट झाली आणि घरी बोलणी बसली.

पण हे सगळं दिसणं सुधारतं, पाणी जात नाही.

सिलिका जेल, मीठ, तांदूळ, कोळसा ठेवून फायदा होतो?

सिलिका जेल उपयोगी, पण औषधाच्या डबीतली चिमणीएवढी पुडी गाडीला पुरत नाही. अर्धा-एक किलो सुती पिशवीत घालून डॅशबोर्डवर ठेवायचं, ओलं झालं की मंद तव्यावर तापवून पुन्हा वापरायचं. निळे दाणे गुलाबी झाले की तापवायची वेळ झाली. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते विषारी, म्हणून स्वयंपाकाच्या तव्यावर नको आणि लेकरांच्या हाती नको. जुना तवा ठेवा.

मिठाची गंमत अशी की हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला तरच ते पाणी ओढतं, आणि मग त्याचं पाणी होऊन सांडतं, पत्र्याला गंज. तांदूळ खिचडीला ठेवा. कोळसा वास घेतो, पाणी फारसं नाही. एका रात्रीपुरतं म्हणाल तर सीटवर पसरलेली जुनी वर्तमानपत्रंही बरी.

आणि खरं सांगू? आपल्या दुपारच्या उन्हापुढे हे सगळं फिकं. युरोपातल्या माणसाला हिवाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून तो डब्या विकत घेतो. आपल्याकडे जानेवारीतही बारा ते तीन कोरडं, कडक ऊन असतं. चारही दारं आणि डिकी उघडा, मॅट काढून तुराट्यांच्या कुंपणावर टाका, सीट पुढे सरकवून खालचा फोम उन्हाला द्या. दोन दुपारी पुरतात. लक्ष मात्र ठेवा. आमच्या मागच्या सीटवर एकदा कोंबडीने अंडं दिलं.

रात्री गाडी कशी लावावी?

शक्यतो टिनाखाली, निंबाखाली. काहीच नसेल तर समोरच्या काचेवर पुठ्ठा किंवा गोणपाट टाका, काच आभाळाला दिसली नाही म्हणजे झालं. तोंड पूर्वेला करा, सकाळचं पहिलं ऊन काचेवर येतं. आणि माझी आवडती गोष्ट, अगदी फुकटची. संध्याकाळी गाडी बंद करताना चारही दारं दोन मिनिटं उघडी टाका. दिवसभराचा श्वास बाहेर जातो, मगच कुलूप लावा. रात्रभर काच थोडी उघडी ठेवा असं काही जण सांगतात. शहरात चालत असेल. आपल्याकडे गोठ्याशेजारी गाडी असते, उंदीर आत शिरला की सकाळी वायरिंगचा खर्च.

मागच्या काचेवरच्या तारा काय कामाच्या?

त्या तापतात. बटण दाबलं की काही मिनिटांत वाफ पट्ट्यापट्ट्यांनी उडते. वीज भरपूर खातात, म्हणून इंजिन सुरू असतानाच वापरा आणि काम झालं की बंद करा. बऱ्याच गाड्यांत ते आपणहून बंद होतं. काच पुसताना तारांच्या दिशेने आडवं पुसा, उभं नाही. आणि मागच्या काचेवर आतून घराण्याचं नाव, देवाचं चित्र चिकटवू नका. ते काढताना तार सोबत निघते. आमच्याकडच्या एका गाडीत आडनावाच्या आकाराची जागा आजही वाफाळलेली राहते, बाकी काच लख्ख.

गाडीत हीटर किंवा एसी नाही, जुनी ओम्नी आहे. मग?

समोरच्या काचा बोटभर, मागची सरकती काच थोडी उघडी, म्हणजे हवा आरपार वाहील. काच स्वच्छ, फोमचा थर लावलेला. माणसं कमी. यापलीकडे उपाय नाही, कानटोपी घाला.

काच गरम पाण्याने धुतली तर? आत शेगडी ठेवली तर?

गार काचेवर गरम पाणी टाकलं की ती तडकू शकते, बारीकसा खडा लागलेली असेल तर नक्कीच भीती. दव बाहेरून असेल तर साधं पाणी आणि वायपर पुरे.

शेगडीचं नाव काढू नका. बंद जागेत कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतला माणूस उठत नाही. वरातीत ड्रायव्हर थंडीत गाडीतच झोपतात, तेव्हा शेडमध्ये इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच वाईट. त्यांना घरातून एक ब्लँकेट द्या.

पावसाळ्यात वाफ आतून पुसली तरी जात नाही, ते काय?

ती बाहेरून असते. एसीने काच गार झाली, बाहेरची हवा दमट. बोट फिरवून बघा, आतून रेघ उमटली नाही तर वायपर लावा आणि एसी कमी करा, हवा काचेवरून पायाकडे वळवा. हिवाळ्यातला उपाय इथे उलटा पडतो.

गॅरेजला कधी न्यावं?

सगळं करूनही रोज वाफ धरत असेल, गाडीत कुबट वास असेल, सीटबेल्टवर पांढरी बुरशी दिसली, तर पाणी बाहेरून आत शिरतंय. दाराचं रबर फाटलेलं, समोरची काच बदलताना राहिलेली फट, वायपरखालच्या खाचेत साचलेला निंबाचा पाला, ही नेहमीची कारणं. पाला तुम्हीच काढू शकता. वाफ चिकट, तेलकट असेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होत असेल, तर हीटरची कॉइल गळते आहे. त्यात उशीर नको, कूलंट विषारी असतं.

माझ्या गाडीत डाव्या बाजूची मॅट सतत ओली राहायची. एका गॅरेजवाल्याने दाराचं रबर बदललं, पैसे घेतले, मॅट ओलीच. दुसऱ्याने काच काढून पुन्हा बसवू म्हटलं. शेवटी मी स्वतः गाडीखाली गोणपाट टाकून आडवा झालो. एसी अर्धा तास चालू होता आणि खाली एक थेंब नव्हता. पाणी टपकायची रबरी नळी सापडली, तिच्या तोंडाला मातीचा गोल बूच. कुंभारीण माशीने घर बांधलं होतं, अगदी गुळगुळीत, आत वाळलेल्या अळ्या. सायकलच्या स्पोकने ते फोडलं आणि गार पाण्याची धार सरळ माझ्या कानात आली.